पाठीवरचा यू आणि आजीला वाटलेली कावीळ

या आठवड्याचं पत्र थोडं कापून देतेय, मूळ चार पानी होतं.

"मावशी, मी बडोद्यात मांजलपूरला राहते, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वर्षभर स्कूटर. तोंडाला ओढणी, हाताला मोजे सगळं करते पण मान आणि पाठीचा वरचा भाग उघडा राहतोच. आता पाठीवर कुर्त्याच्या गळ्याचा चक्क यू उमटलाय, यूच्या वर काळं आणि खाली गोरं. यंदा पहिल्यांदाच मागून दोऱ्यांची चोळी शिवलीय. म्हणून ऑनलाइन सेल्फ टॅनर मागवला, उन्हाशिवाय कातडी गडद करतो तो, फोमवाला, आणि पूर्ण पाठीला नि हातांना लावून तासाभरानं गरब्याच्या प्रॅक्टिसला गेले. दुसऱ्या दिवशी पाठीवर उभे पट्टे, कोपरं काळी, तळवे केशरी, आणि यू होता तसाच! आजी म्हणते कावीळ झालीय, चल डॉक्टरकडे. नवरात्राला १५ दिवस आहेत. काही होईल का? – झेब्रा, मांजलपूर"

अगं झेब्रा, आधी आजीला शांत कर. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, तुझे डोळे आरशात बघ आणि तिलाही दाखव. तळव्यांचा केशरी रंग ४-५ दिवसांत जाईल, हात दिवसातून दहा वेळा धुतले जातात म्हणून तिथला सगळ्यात आधी जातो.

आणि एक सांगू का, तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. नवरात्र जवळ आलं की मला येणारी बहुतेक पत्रं टॅन कसा घालवू, मान कशी उजळवू, ब्लीच किती वेळ ठेवू असलीच असतात, आणि तू पहिलीच भेटलीस जिला काळ्या भागाशी भांडायचं नाहीये, गोऱ्या भागाला त्याच्याजवळ आणायचंय. डोकं बरोबर चाललंय तुझं, फक्त हात चुकले.

कुठे चुकले ते सांगते, त्यासाठी आधी मेंदी आठव. मेंदी तळहातावर कशी गडद चढते आणि वर मनगटाकडे फिकी पडते, कोन एकच, लावणारी एकच, तरी. कारण तळहाताची वरची कातडी जाड, तिथे रंगायला माल जास्त. सेल्फ टॅनरचं अगदी हेच आहे. त्यात डीएचए नावाची एक साखर असते, पूर्ण नाव डायहायड्रॉक्सीॲसिटोन, आणि ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरातल्या प्रथिनांना धरून तपकिरी होते. कढईत दूध आटवताना त्याला जो बदामी रंग येतो ना, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त इथे गॅस नाही आणि वेळ जास्त. म्हणजे हा रंग वरून फासलेला नसतो, तो तिथे तयार होतो. जिथे मेलेली कातडी जास्त, कोपर, गुडघे, घोटे, बोटांची पेरं, तिथे तो जास्त तयार होतो. तुझी कोपरं काळी झाली ती म्हणून, तू तिथे जास्त लावलंस म्हणून नाही.

हे कळलं कसं तेही मजेदार आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात एव्हा विटगेनस्टाइन नावाच्या बाई एका आजारासाठी मुलांना डीएचए तोंडावाटे देत होत्या, मुलं ती, थोडं प्यायली थोडं सांडवलं, आणि जिथे अंगावर सांडलं तिथे काही तासांनी तपकिरी डाग! कपड्यांवर मात्र काही नाही. मग बाईंनी स्वतःच्या हातावर लावून बघितलं. १९६० पर्यंत बाजारात बाटली आली सुद्धा.

आता तुझा यू तसाच का राहिला. अगं तू दोन्हीकडे लावलंस ना! काळ्यावर पण आणि गोऱ्यावर पण, मग दोन्ही एकेक पायरी खाली उतरले आणि मधलं अंतर जागच्या जागी. भिंतीवर ओल आली म्हणून सगळ्या भिंतीला एक हात मारला तर ओलीचा डाग दिसायचा राहतो का? टॅन लाइन मिटवायची असेल तर फक्त फिक्या भागाला लावायचं, काळ्या भागाला अजिबात नाही. सेल्फ टॅनरचे सगळे व्हिडिओ परदेशातल्या त्या बायकांसाठी असतात ज्यांना पायापासून मानेपर्यंत एकच रंग हवा असतो, स्कूटरवाल्या पोरीचा प्रॉब्लेम त्यात कुणी दाखवतच नाही.

आणि पट्टे? ते घामाचे. लावल्यावर ३-४ तासांनी रंग दिसायला लागतो आणि पुढे साधारण दिवसभर चढत राहतो, म्हणजे लावल्यावर पहिले ६-८ तास तो भाग कोरडा हवा. तू तासाभरात दोढिया, म्हणजे गरब्याचाच प्रकार, खेळायला गेलीस, बडोद्याची भाद्रपदातली हवा, पाठीवरून घाम ओघळला आणि जिथून ओघळला तिथलं टॅनर घेऊन गेला. ते उभे पट्टे म्हणजे तुझ्या घामाचे ओहोळ आहेत, नकाशाच म्हण ना.

माझंही सांगते म्हणजे तुला एकटीला वाटायला नको. माझ्या नणंदेनं बाहेरून येताना एक बाटली आणली होती, आणि मी शहाणी, घरातलं लग्न म्हणून सकाळी छान खोबरेल तेल लावून न्हाले, मग वाटलं अंग मऊ झालंय आता लावू, आणि दुपारी पायांना लावलं. साबणानं तेल सगळं जात नाही गं, जिथे राहिलं तिथे रंग बसलाच नाही आणि जिथे नव्हतं तिथे बसला. संध्याकाळी पोटऱ्या जिराफासारख्या. नऊवारी होती म्हणून वाचले, नाहीतर फोटोत आयुष्यभर राहिलं असतं. ती नणंद अजून मला जिराफवहिनी म्हणते.

बरं, आता कामाचं. आधी आहे ते काढायचं. रोज अंघोळीच्या अर्धा तास आधी पाठीला आणि कोपरांना तेल चोळून ठेव, तिळाचं, खोबरेल, घरात असेल ते, मग कोमट पाण्यानं अंघोळ आणि मऊ पंचा किंवा लूफानं गोल गोल घासायचं. घासायचं म्हणजे भांडी घासल्यासारखं नाही, रंग फक्त वरच्या मेलेल्या थरात आहे, तो थर सुटला की रंगही सुटतो, तसाही ५-७ दिवसांत बहुतेक उतरतोच. तळव्यांना साखर आणि तेल चोळ. ब्लीच लावू नकोस, आणि कुणी कितीही सांगितलं तरी लिंबू चोळून उन्हात जाऊ नकोस, लिंबाचा रस कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. टॅनवर लिंबू हा आपल्या घराघरातला उपाय आहे मला माहितीये, पण स्कूटरवर रोज दुपारी जाणाऱ्या पोरीनं तर नाहीच.

हा आठवडा त्यात जाईल. मग पुढच्या आठवड्यात पहिल्या माळेच्या ३ रात्री आधी सुरू करायचं, म्हणजे एखादी रात्र बिघडली तरी दुरुस्तीला वेळ राहतो. त्याआधी एक दिवस कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघ, खाज लाली काही नाही ना, आणि रंग कसा येतो तेही कळेल, कारण आपल्या गव्हाळ कातडीवर काही बाटल्यांचा रंग केशरी मारतो. घामोळ्या आल्या असतील, खरचटलं असेल तर त्या भागाला लावायचंच नाही, वाट बघ.

पाठ वॅक्स करायची असेल तर लावायच्या निदान एक दिवस आधी करून टाक. पार्लरमध्ये वॅक्सनंतर तेल किंवा जेल चोळतात ते अंगावर राहतं, शिवाय ताज्या वॅक्सच्या भोकांत रंग बसून बारीक ठिपके दिसतात, मिरपूड सांडल्यासारखे. लावायच्या आधीच्या अंघोळीला मसूरडाळीचं पीठ किंवा गव्हाचा कोंडा दुधात कालवून चोळ, झालं, यापेक्षा महाग स्क्रब लागत नाही.

लावायच्या रात्री अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं कर, पूर्ण म्हणजे पंख्याखाली १५-२० मिनिटं बस, पाठीच्या मधल्या पन्हाळीत पाणी राहतं ते टिपून घे. तेल नाही, पावडर नाही, डिओ नाही, अत्तर नाही. साबण नीट धुतलेला हवा.

आणि तुझ्याकडची बाटली तशीच्या तशी वापरू नकोस. बहुतेक बाटल्यांत डीएचए ३ ते ५ टक्के असतं, डार्क लिहिलेल्यात त्याहून जास्त, आणि फोम इतक्या भराभर वाळतो की नवख्या हाताला पसरवायला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा टॅनरचं लोशन मिळालं तर ते घे आणि १ भाग लोशन ३ भाग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर असं वाटीत कालव. ग्रॅज्युअल लिहिलेलं लोशन मिळालं तर अजून सोपं, ते मुळातच फिकं असतं, कालवायचीही गरज नाही. फिक्यानं काय होतं, एका रात्रीत फारसं काही दिसत नाही, आणि तेच आपल्याला हवंय! दुसऱ्या रात्री परत, तिसऱ्या रात्री परत, आणि रोज सकाळी उजेडात बघायचं की मानेच्या रंगाला किती गाठलं. गाठत आलं की थांब. एकदम जुळलं नाही तरी चालतं, निम्मं अंतर कमी झालं ना की रात्रीच्या लाइटमध्ये यू कुणाला दिसत नाही, विश्वास ठेव.

पाठीला स्वतःचा हात पुरत नाही, त्याची लाज नको. आईला बसव किंवा बहिणीला, हातात प्लास्टिकचे मोजे, म्हणजे तिच्या तळव्यांवरून आजीला दुसरी कावीळ सापडायला नको. तू पाठमोरी बस, केस वर घट्ट बांध, मानेवरचे बारीक केस सुद्धा क्लिपनं वर. आता काळ्या-गोऱ्याच्या सीमेवर, काळ्या बाजूनं, दोन बोटं रुंद साधं मॉइश्चरायझर लावायला सांग. हा बांध. म्हणजे चुकून तिकडे गेलं तरी पातळ होऊन जातं. मग टॅनर खालून, म्हणजे चोळीच्या दोऱ्यांच्या बरंच खालून, सुरू करायचं आणि वर सीमेकडे येत जायचं, मोठे गोल गोल हात, उभे-आडवे फराटे नाहीत. सीमेपाशी पोचेपर्यंत हातावर जवळजवळ काही उरलेलं नसावं, आणि तिथे नवीन घ्यायचं नाही, हातावरचं उरलंसुरलं तेवढंच बांधात मिसळून द्यायचं. रांगोळीत दोन रंग एकमेकांत विरघळवताना बोटानं कसं हलकं हलकं करतो तसं. खालची कडही तशीच विरत न्यायची, नाहीतर वरचा यू जाईल आणि कमरेवर नवीन सरळ रेघ येईल, ती तर अजून वाईट.

दंडावर बाहीची रेघ असेल तिथेही हेच. कोपराला मात्र आधी मॉइश्चरायझर, आणि टॅनर तिथे नेऊच नको, कोपरं तशीही जास्त रंग धरतात. पायांना लावायच्या भानगडीत पडू नकोस, आपल्याकडे गरबा अनवाणी, मैदानातली माती, घरी येऊन पाय घासूनच धुवावे लागतात, २ दिवसांत सगळं मोरीत.

लावून झालं की १५ मिनिटं तशीच बस, मग जुना सैल सुती गाऊन, पंखा किंवा एसी, आणि झोप. वास येईल थोडा, बिस्किट करपल्यासारखा, तो या साखरेचाच असतो, अंघोळीनंतर कमी होतो. सकाळी नुसत्या पाण्यानं अंघोळ, घासायचं नाही. ज्या लोशनला स्वतःचा तपकिरी रंग असतो त्याचं पाणी सकाळी तपकिरी वाहून जातं, ते बघून घाबरू नकोस, तो लावताना कुठे लागलं हे दिसावं म्हणून घातलेला वरवरचा रंग आहे, खरा आत बसलेला असतो.

एक फार महत्त्वाचं आणि कुठेच कुणी सांगत नाही. मघाशी म्हटलं ना की ती साखर प्रथिनांना धरते, मग रेशीम काय आहे? प्रथिनच. लोकर पण. सुती कपड्यावरचा डाग बऱ्याचदा धुतला जातो, पण ओलं टॅनर लागलेल्या पाठीवर सिल्कची ओढणी पडली तर तो डाग तिथेच रंगतो आणि मग ड्रायक्लीनवालाही हात वर करतो. नायलॉनही धरतं. तुझी चोळी नवाबजारातली सुती आरसेकामाची असेल तर प्रश्न नाही, पण आजीची बांधणी अंगावर घेणार असशील तर टॅनरवर निदान एक अंघोळ होऊ दे.

नऊ रात्री टिकेल का, तर तसाच्या तसा नाही. रोजचा घाम, रोजची अंघोळ, पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत फिकं पडायला लागेल आणि सरळ फिकं न पडता चट्ट्याचट्ट्यानं पडेल, कारण कातडी सगळीकडे सारखी सुटत नाही. ते टाळायला रोज अंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर, आणि मधे एका रात्री, गरब्याहून आल्यावर अंघोळ करून, परत तेच कालवलेलं लोशन. रात्री दीड वाजता अंगात त्राण असेल तर! नसेल तर झोप, मी पण झोपले असते.

ऊन. हे लावलं म्हणजे उन्हापासून बचाव झाला असं नाही, टॅनरच्या रंगाला सनस्क्रीनची ताकद जवळजवळ नसतेच, उलट लावल्यावर पहिला दिवसभर कातडीनं ऊन टाळलेलं बरं. आणि तू जर मान उघडी ठेवून मकरपुऱ्याला जातच राहिलीस तर इकडे आपण गोरं गडद करतोय आणि तिकडे काळं आणखी काळं होतंय, गाठायचं कसं? तोंडाला ओढणीची बुकानी बांधतेस ना, तीच ओढणी मागून मानेवरून खाली कुर्त्यात खोच आणि पिन लाव, किंवा शर्टाच्या कॉलरचा जुना जॅकेट घाल, कॉलर मागे मानेवर येईल असा, आणि मानेच्या मागे सनस्क्रीन, जिथे लावायला कुणालाच आठवत नाही. तेवढ्यानं यू हळूहळू आपोआप मावळत जाईल.

टॅनर ओठांना, डोळ्यांजवळ, नाकात लावायचं नाही, स्प्रेवालं असेल तर श्वासात घ्यायचं नाही. आणि कुणी टॅनच्या गोळ्या सुचवल्या तर अजिबात नाही, त्यातल्या एका रंगाचे कण डोळ्याच्या पडद्यावर साचल्याची उदाहरणं आहेत.

जाता जाता, मागच्या महिन्यात एकीनं हातावरच्या कोडाच्या डागांबद्दल लिहिलं होतं, तीही हे वाचत असेल तर तिनं नीट वाचावं, कारण तो डाग झाकायला त्वचारोगतज्ज्ञ हेच डीएचए सुचवतात, रंग पाण्यानं जात नाही म्हणून. पण तिनं माझ्या वाटीच्या मापानं नाही, डॉक्टरांना विचारून करावं.

तर झेब्रा, आज रात्रीपासून तेल सुरू. तिसऱ्या रात्रीनंतर पाठीचा फोटो पाठव, चेहरा नको, नुसता यू.

– मावशी